चौथी कड

ता. ४ जाने. ७१, सोमवार

म्हशीला पेंड घालून झाली होती. पाणी भरून झालं होतं. चुलीवर दूध ठेवलं होतं. बाहेर ओट्यावर हे बसले होते, मोटारसायकलचं पुढचं चाक मांडीला टेकवून. टायरला बोटभर चीर पडली होती. आतून लावायला म्हणून ट्रकच्या जुन्या टायरचा तुकडा कापून घेतला होता. गेटर म्हणतात त्याला. त्याच्या चारी कडा तासून कागदासारख्या कराव्या लागतात, नाहीतर जाड कड आतल्या आत ट्यूबला घासते आणि कापते. ते काम माझं. माझा हात जड, तुझा हलका, असं हेच म्हणायचे.

रापी घेऊन तीन कडा तासल्या. चौथीला हात घातला आणि दूध उतू जायला लागलं. तुकडा ओट्यावरच ठेवून आत पळाले. दूध उतरवलं, चुलीत सांडलेलं निपटलं. बाहेरून यांनी विचारलं, "झाल्या का कडा?"

मी आतून म्हटलं, "झाल्या."

तुकडा आत गेला, चाक बसलं. मी रोजच्यासारखी अंगठ्याने टायर दाबून हवा पाहिली. चहा घेऊन हे निघाले, कोणाच्या तरी वस्तीवर गाय अडली होती.

त्यानंतर अकरा दिवस गाडी चालली. बाराव्या दिवशी ओढ्याच्या उतारावर पुढचं चाक फुटलं.

हे जाऊन दोन वर्षं झाली. कोणाला सांगितलेलं नाही. वहीतही आज पहिल्यांदा लिहिते आहे. कारण आज दत्तू गाडी मागायला आला होता.


ता. ५, मंगळवार

काल पुढचं लिहवेना.

दत्तू म्हणजे धाकटा दीर. शेजारच्या खणात राहतो, चूल वेगळी. इंजिन-पंप दुरुस्त करतो. सायकलवर हत्यारांची पिशवी अडकवून विहिरी-विहिरी हिंडतो. आता दुसरा एक मिस्त्री मोटारसायकल घेऊन फिरायला लागला आहे. हा पोचेपर्यंत त्याचं काम होऊन चहाही पिऊन झालेला असतो.

उंबऱ्यात बसला. मग म्हणाला, "वैनी, दादाची गाडी सपरात सडून चाललीय. मला द्या. इकायला न्हाई मागत, चालवायला मागतो."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. त्याच्या सायकलीकडे लक्ष गेलं. पायडलला रबर नाही, नुसती सळई.

म्हटलं, "ने. पण टायर-ट्यूब मी निवडणार."

"तुमी?"

"मी. खर्च तुझा, निवड माझी. मी हो म्हटल्याशिवाय चाक फिरणार नाही."

हसला. मग माझ्याकडे पाहून हसायचा थांबला.


ता. ९, शनिवार

सपरातलं बारदान काढलं. यांनी ती गाडी मिलिटरीच्या लिलावातून आणली होती. अंगावरचा हिरवा रंग अजून टाकीखाली दिसतो. दोन्ही चाकं बसली आहेत. पुढचा टायर यांचा नव्हे. चाक फुटलं तेव्हा गाडी घरापर्यंत ढकलत आणायची म्हणून फाट्यावरच्या पंक्चरवाल्या रहिमभाईंनी कुठला तरी चढवला होता, गोट्यासारखा गुळगुळीत. मागचा यांचाच.

ओल्या फडक्याने पुसून अक्षरं वाचली. पुढे ३.२५–१९. मागे ३.५०–१९. वहीत उतरवून ठेवते.

लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. मराठी शिकले पुड्यांच्या कागदांवरून. इंग्रजी शिकले जनावरांच्या औषधांच्या बाटल्यांवरून आणि ह्या टायरवरून. दर रविवारी गाडी पुसायची, तेवढी अक्षरं घोकायची. हे विचारायचे, आज काय वाचलं. मी सांगायची, एकोणीस.

आता वाचनालयातली जाड पुस्तकंसुद्धा वाचते. काय वाचलं, विचारणारं कोणी नाही.


ता. १४, गुरुवार. संक्रांत

सौ. कमल (दत्तूची) बायकांबरोबर वाणवशाला गेली. जाताना तिळगूळ उंबऱ्यावर ठेवून गेली. हातात दिला असता तरी चाललं असतं. असो.

संध्याकाळी दत्तू म्हणाला, "मागचा टायर अजून निम्मा हाय. त्यो पुढं टाकू, मागं नवा घेऊ. समदे तसंच करत्यात."

खरं आहे. जोर मागच्यावर, म्हणून नवा मागे घालायचा आणि झिजलेला पुढे ढकलायचा. आपल्याकडे हीच रीत. यांनीही तेच केलं होतं. फुटला तो आधी मागेच होता.

म्हटलं, "मागचा फुटला तर गाडी हेलकावते. पुढचा फुटला तर माणूस जातो. दोन्ही नवे."

कमल परत आली होती, दारातून म्हणाली, "टायर काय नवरी हाय का जाऊबाई, इतकं पारखायला?"

"नवरीला नाकारलं तर ती रडते तरी. टायर आधी काहीच सांगत नाही."

कमल आत गेली. नंतर वाटीभर गुळाच्या पोळ्या धाडल्या. दोन खाल्ल्या, एक उरली. एकटीला तीन होत नाहीत.


ता. १७, रविवार

दत्तू सकाळीच टायर घेऊन आला. नगरच्या मिलिटरी लिलावातला माल, कोणा ओळखीच्याकडून. चौकोनी ढेकळांची नक्षी, बोटाचं पेर बुडेल एवढी खोल. जवळजवळ न वापरलेला.

"काळ्या रानात ह्याच्यावानी दुसरा न्हाई वैनी. चिखलात रुततोय आन् वरबी येतोय."

खरंच छान दिसत होता. दोन्ही हातांनी धरून उलटा वाकवला. ढेकळांच्या मधल्या खाचांत बारीक भेगा, उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा. रबर वर्षानुवर्षं उन्हात पडून आटलं होतं. न वापरलेला असला तरी म्हातारा.

"परत कर."

"अवो, पन नक्षी बघा की."

"नक्षी नको. भेगा बघ."

घेऊन गेला. जाताना बडबडला की बायामाणसाच्या नादाला लागलं की साध्या कामाला आखाड उजाडतो. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दुपारभर माझंच चुकलं का, असं वाटत राहिलं. त्याचं काम अडलं आहे, आणि मी टाचेच्या भेगा मोजते आहे. पण पुन्हा एकदा "झाल्या" म्हणायचं नाही.


ता. २१, गुरुवार

नगरला जाऊन आले. पहाटेची एस.टी. दत्तू बरोबर. स्टँडमागे टायरवाल्यांची ओळ आहे. तीन दुकानं पाहिली. तिसऱ्या दुकानाचा मालक गादीवर पाय दुमडून बसला होता. माझ्याकडे पाहिलंच नाही, दत्तूला म्हणाला, "बोला, काय देऊ?"

दत्तूने माझ्याकडे बोट केलं.

"बाई, तुम्ही बसा. टायर बघायला लई वेळ लागत नाही. चाक गोल असतं, टायरबी गोल असतो."

मी म्हटलं, "पुढे सव्वातीन-एकोणीस, मागे साडेतीन-एकोणीस. निम्मी वाट डांबराची, निम्मी रानातली. काय आहे ते दाखवा."

मग पाय सोडून बसला.

पुढच्याला तीन तऱ्हा दाखवल्या. पहिली नुसत्या उभ्या रेघांची. डांबरावर सरळ पळते, ओल्या मातीत घसरते. दुसरी मोठ्या ढेकळांची. रानात पकड धरते, डांबरावर हादरते आणि वळणावर सटकते. तिसऱ्यात मधे रेघा आणि दोन्ही अंगांना ढेकळं. दोन्हीकडचं थोडं-थोडं. ती घेतली. मागे मात्र पूर्ण ढेकळांचा, कारण ढकलायचं काम त्याचं.

मग पडद्यांचं. टायरच्या आत कापडाचे थर असतात, चार किंवा सहा. सहा घ्या, काटा आत येणार नाही, असं मालक म्हणाला. दोन्ही दाबून पाहिले. सहाचा लाकडासारखा कडक. विचारलं, "मोकळ्या गाडीवर एकटा माणूस असला तर?" म्हणाला, "मग आपटेल जरा." पुढे चार घेतला, मागे हत्यारांचं ओझं म्हणून सहा.

बाणसुद्धा पाहिला. टायरवर एका बाजूला बाण असतो, चाक त्या दिशेने फिरलं पाहिजे. मालकालाही तो फडक्याने पुसून शोधावा लागला.

ट्यूबचा नंबर मी वाचला तर पुढच्या ट्यूबवर अठरा लिहिलेलं. टायर एकोणीसचा.

"चालतंय हो. रबर ताणतं. सगळे तेच घालतात."

"ताणलं की पातळ होतं."

"तुमच्या घरी कोण टायरच्या धंद्यात हाय का?"

"होते," म्हटलं. तसं खरं नव्हे ते. ढोरांच्या दवाखान्यात कंपौंडर होते. पण तोंडातून होते एवढंच निघालं.

आतून एकोणीसची आणून दिली. बादलीतल्या पाण्यात बुडवून दोन्ही ट्यूबा दाखवायला लावल्या. बुडबुडा आला नाही. जाड, काळ्या, कुठेही ठिगळ नसलेल्या. नवी ट्यूब मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. आमच्याकडे येताना ती नेहमी ठिगळं घेऊनच आली.

परतताना दोन्ही टायर एस.टी.च्या टपावर. दत्तू म्हणाला, "वैनी, त्यानं तुमाला चहा इचारला. मला न्हाई इचारला." मी हसले. खूप दिवसांनी. मग खिडकीबाहेर पाहत राहिले.


ता. २२, शुक्रवार

टायर घरातच ठेवले आहेत, सपरात उंदीर आहेत. घरभर नव्या रबराचा वास. घरात दुसरं कोणी असल्यासारखं वाटतं. दोनदा जाग आली.


ता. २५, सोमवार

आज फाट्यावर रहिमभाईंकडे चाकं चढवली. दत्तूने गाडी बैलगाडीत घालून नेली. मी मागून चालत. दोन मैल. तो उतार वाटेतच आहे. तिथे बैल आपोआप थांबले, पाणी प्यायला. मीही थांबले.

रहिमभाई आता थकले आहेत. झाडाखालची जागा तीच, पाण्याचं घमेलं तेच. "वैनी आल्या," म्हणून पोतं झटकून दिलं. टायर हातात घेऊन वळवून-वळवून पाहिले. "कुनी निवडले?"

दत्तू म्हणाला, "आमच्या मास्तरणीनं."

"झ्याक हायेत."

दत्तू पेट्रोल आणायला गेला. रहिमभाई रिमचा गंज घासत होते. आऱ्यांची टोकं आत टोचू नयेत म्हणून रबरी पट्टी बसवली. ट्यूबला शंखजिऱ्याची भुकटी चोळली. ती मी माझ्या हाताने चोळून दिली. आणि मग विचारलं. गेली दोन वर्षं हेच विचारायचं होतं. फाट्यावर एस.टी.साठी कितीदा उभी राहिले असेन, विचारलं नाही.

"तेव्हाचा टायर कुठं आहे?"

"त्याच्या चपला झाल्या वैनी. लई दिस झालं."

"ट्यूब?"

"ठिगळं कापली. चांगलं रबर व्हतं. नेवाशापासून शेवगावापतुर फिरत असंल आता."

"आणि आतलं गेटर?"

हात थांबला. "ते व्हतं माझ्याकडं. एका मास्तराच्या स्कूटरीत टाकलं. अजून चालतंय."

"कडा नीट होत्या?"

"तीन नीट व्हत्या. कागदावानी. एक जाड ऱ्हायली व्हती. टाकायच्या आधी ती म्या तासली."

म्हणजे त्यांना माहीत होतं. दोन वर्षं.

मी म्हटलं, "त्या कडा मी तासल्या होत्या. यांनी विचारलं, मी झाल्या म्हटलं."

झाडावर होले घुमत होते. रस्त्यावरून उसाची एक गाडी गेली, दुसरी गेली.

"ट्यूब कुठं फाटली होती? तिथंच?"

"फुटलेली ट्यूब म्हंजी चिंधी, वैनी. दोन ठिकानी गेल्ती. एक गेटरच्या कडंला. दुसरी वॉल्व्हपाशी, तिथं जुनं ठिगळ व्हतं, माझंच." आपल्या हातांकडे पाहिलं. "आधी कोनती गेली, ते म्याबी लई येळा इचारलंय. ती सांगत न्हाई."

नवी ट्यूब टायरात सारत म्हणाले, "दादांनी आत घालताना बोट फिरवलं असंलच की. कोनबी फिरवतो."

"माझ्या कामावर ते बोट फिरवत नव्हते."

दत्तू आला. रहिमभाईंनी चाकं चढवली, बाण बघून. पुढे हवा भरून झाल्यावर पंप बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी अंगठ्याने दाबून पाहिलं. घट्ट. हो म्हटलं.

दत्तू गाडीवर बसून घरी आला, बैलगाडी गावातल्या एका पोराबरोबर धाडली. मी चालत. त्याने दोनदा थांबून विचारलं, मागं बसता का. नको म्हटलं.


ता. २६, मंगळवार

काही नाही. जेवले नाही.


ता. २८, गुरुवार

सारखं ते ठिगळ डोळ्यांपुढे येतं. माझी कड, त्यांचं ठिगळ. त्यांचं असलं म्हणून माझं फिटत नाही. माझं असलं म्हणून त्यांचंही फिटलं नसणार. दोन मैलांवर दोघं एकच गोष्ट घेऊन बसलो होतो.

दत्तूला सांगायला हवं. भाऊ होता त्याचा.


ता. २ फेब्रु., मंगळवार

दत्तू आता रोज उजाडताना निघतो. गाडी सुरू झाली की हातातलं काम सुटतं. आवाज तोच आहे. पहिल्या दिवशी भाकरी करपली.

आज सांगायचं ठरवून बाहेर गेले. तो किक मारत होता. म्हणाला, "काल तीन इहिरी झाल्या वैनी. त्यो दुसरा मिस्त्री आला तवा मी चहा पीत व्हतो." इतका खुश दिसला की सांगितलं नाही. पुढचं चाक दाबून पाहिलं आणि आत आले.

हे रोजचं झालं आहे. त्याला वाटतं हवा बघते.


ता. २०, शनिवार

तुरी काढून झाल्या, रानात धसकटं उभी आहेत, कोयत्याने तिरकी छाटलेली, सुरीसारखी. दत्तू एका वस्तीवरून आडवाटेने येत होता. मागच्या टायरला चीर. ट्यूबही गेली. चार मैल ढकलत आणली. नवा टायर, चार आठवडेसुद्धा झाले नाहीत.

कमल काही बोलेल वाटलं होतं. बोलली नाही. पाणी दिलं त्याला.

त्याचे पाय मात्र थोडेही खरचटले नव्हते. मागचा गेला, गाडी हेलकावली, थांबली. एवढंच.


ता. १ मार्च, सोमवार

आठ दिवस दत्तू पुन्हा सायकलवर. नगरला त्या नंबरचा मागचा टायर नाही, कधी येईल सांगता येत नाही म्हणतात. सहा पडद्यांतले दोनच कापलेत. आज रहिमभाईंकडे टायर दाखवून आला.

संध्याकाळी उंबऱ्यात उभा राहिला. हातात ट्रकच्या टायरचा तुकडा.

"रहिमभाई म्हनले, पुढं असता तर न्हाई म्हनलो असतो. मागं चालंल, गेटर टाका. पन तासायला त्यांची नजर ऱ्हायली न्हाई." थांबला. "म्हनले, वैनीकडनं करून आना."

"असं म्हणाले?"

"व्हय. म्हनले, तिच्यासारख्या कडा कुनाच्या होत न्हाईत."

तुकडा घेतला. जड होता. दत्तू म्हणाला, "दादाच्या येळंला तुमीच करत व्हता की. मला ठावं हाय. लहान असल्यापासून बघतोय."

म्हणजे त्यालाही एवढं माहीत होतं. फक्त चौथीचं नाही.

रापी फळीवरच होती, फडक्यात गुंडाळलेली. धार गेलेली. पाट्याच्या दगडावर लावली. सांगायचं, की करायचं, की दोन्ही. आज काहीच झालं नाही. तुकडा उशाशी ठेवून पडले.


ता. २, मंगळवार

सकाळी म्हशीचं उरकलं, पाणी भरलं. चूल पेटवली नाही. दूध तसंच झाकून ठेवलं.

ओट्यावर बसून चारी कडा तासल्या. चौथी आधी घेतली. दत्तू कपडे करून आला, विचारलं, "झाल्या का?"

मी तुकडा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "बोट फिरवून बघ."